पेटीतले चांदीचे डॉलर: आधी वजन, मग अक्षर, भाव सर्वांत शेवटी

ताई, बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. तुमचे आजोबा बोटीवर होते. रत्नागिरीचे घर आवरताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, बिस्किटांच्या डब्यात, सहा मोठी अमेरिकन नाणी सापडली. त्यांवरची साले १८०४, १८७५, १८८३, १८९३, १९२१ आणि १९२२. भाच्याने मोबाइलवर शोधले, तर १८०४ च्या नाण्याला कोट्यवधी आणि १८९३ च्या नाण्याला लाखो रुपये मिळाल्याचे त्याला दिसले. गावातला सराफ मात्र ‘चांदी आहे, मोडीच्या भावाने घेतो’ एवढेच म्हणाला. दोघांपैकी खरे कोणाचे, असे तुम्ही विचारता.

तीन नाण्यांबाबत सराफाचे बरोबर आहे. एकाबाबत भाच्याचे कदाचित बरोबर निघेल. उरलेल्या दोन नाण्यांबाबत दोघांचाही अंदाज चुकला आहे.

पण त्याआधी एक विनंती. तुमच्या पत्रात ‘दाखवण्याआधी चिंचेने स्वच्छ करून घेऊ का’ असे एक वाक्य आहे. कृपा करून करू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट नको, रिठ्याचे पाणीही नको. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वडिलांच्या दुकानात मी पहिल्यांदा अमेरिकन डॉलर हातात घेतला तेव्हा विशीत होतो. नाणे काळपट होते, पण कधी बाजारात फिरलेलेच नव्हते. हे कळण्याइतकी अक्कल मला तेव्हा नव्हती. रिठा आणि दाढीचा जुना ब्रश घेऊन मी ते असे उजळले की त्यात तोंड दिसावे. आठवडाभराने एक बुजुर्ग संग्राहक आले. त्यांनी नाणे दोन बोटांत धरून दिव्याखाली हळूहळू फिरवले, परत मखमलीवर ठेवले आणि चहा प्यायला बसले. भावाची गोष्ट काढलीच नाही. ब्रशचे हजारो बारीक ओरखडे त्या दिव्याखाली केसांसारखे चमकत होते. ते मला पुढे कित्येक वर्षांनी दिसायला लागले. चांदीवरचा काळा-निळा, कधी सोनेरी थर ही मळाची पुटे नसतात. तो धातूच्याच पृष्ठभागात झालेला बदल असतो, आणि तो काढला की वरच्या पृष्ठभागाचा एक पापुद्रा त्याच्याबरोबर निघून जातो. नाणी कडेला धरून उचला, मऊ कापडावर ठेवा. बाजारात मिळतात त्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नका, कारण त्यांतून चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो. कोकणातली हवा पाहता डब्यात सिलिका जेलची पुडी टाकलीत तर उत्तमच.

आता वजने. सराफाकडून वजने करून आणलीत, हे फार शहाणपणाचे काम केलेत. १८४० ते १९३५ या काळातला अमेरिकन चांदीचा डॉलर (१८७५ चे तुमचे नाणे सोडून, त्याविषयी पुढे) २६.७३ ग्रॅम वजनाचा, ३८.१ मिलिमीटर रुंद, ९०० भाग चांदी आणि १०० भाग तांबे असा असतो. आपल्या मापात सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. तुमची १९२१ आणि १९२२ ची नाणी प्रत्येकी २६.७ भरली, १८९३ चे २६.५, १८८३ चे २६.४. वापरून झिजलेल्या नाण्यात तीन-चार दशांश कमी होणे अगदी स्वाभाविक आहे. १८०४ चे मात्र २१.३ ग्रॅम भरले, आणि फ्रिजवरचे चुंबक त्याला चिकटते असेही तुम्ही लिहिले आहे.

तेव्हा त्याचा निकाल इथेच लावू. ते खोटे आहे. वजन पाहण्याचीही खरे तर गरज नव्हती. १८०४ साली अमेरिकन टांकसाळीत जे डॉलर पाडले गेले त्यांवर आधीचेच साल होते. १८०४ असा छाप असलेले डॉलर तीसेक वर्षांनी, १८३४ च्या सुमारास, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांच्यासाठी नजराण्याचे संच तयार करताना पाडले गेले. पुढे टांकसाळीतल्याच लोकांनी चोरून आणखी काही पाडले. सगळी मिळून जगात पंधरा-सोळा नाणी आहेत आणि प्रत्येकाचा मालकी-इतिहास लिहून ठेवलेला आहे. सुलतानाच्या संचातले नाणे १९९९ साली ४१ लाख ४० हजार डॉलरला गेले, तोच आकडा किंवा त्यापुढचा एखादा तुमच्या भाच्याने पाहिला असणार. बंदराबंदरांत खलाशांना असली नाणी विकणारे लोक असत. आजोबांनी ती गंमत म्हणून घेतली की फसून, हे आता कोण सांगणार! ठेवून द्या, घरातल्या मुलांना खोटे नाणे कसे दिसते ते शिकवायला ते सोन्याहून कामाचे आहे.

बाकी पाच नाण्यांची धातूची खात्री घरीच करता येते. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा मिळतो, तो घ्या. त्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असे हाताने लोंबकळते धरा. काट्यावर दिसेल तो आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. साडेसव्वीस ग्रॅमच्या अस्सल डॉलरला तो २.५५ ते २.६ च्या दरम्यान येतो. तांबे-निकेलच्या नकलेला तीनच्या घरात जातो. हिशेब साधा आहे: हवेतले वजन भागिले हा आकडा, उत्तर १०.३ च्या आसपास आले पाहिजे. नाणे नंतर चोळू नका, मऊ कापडावर टिपून वाळू द्या. आणि खणखणीत वाजते का हे पाहण्यासाठी फरशीवर तर अजिबात आपटू नका. बंदा रुपया वाजवून घेण्याची आपली जुनी सवय इथे कडेला खोच पाडते. फारच इच्छा असेल तर बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा.

धातू खरा निघाला म्हणजे नाणे खरे, असे मात्र नाही. ते १८९३ च्या वेळी सांगतो.

आधी १९२१ चे नाणे घेऊ, कारण त्याच्या जन्माशी आपला संबंध आहे आणि तो ठाऊक नसेल तर या सगळ्या नाण्यांच्या भावाचे गणितच उलगडत नाही. डाव्या बाजूला तोंड केलेली, केसांत धान्याची कणसे आणि कापसाची बोंडे खोवलेली स्वातंत्र्यदेवता, मागे पंख पसरलेला गरुड: हा ‘मॉर्गन’ डॉलर. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने त्याचा ठसा कोरला आणि चेहऱ्यासाठी फिलाडेल्फियातल्या ॲना विलेस विल्यम्स या शिक्षिकेला समोर बसवले. तो १८७८ ते १९०४ दरवर्षी निघाला. खाणमालकांच्या दबावाखाली सरकारने कायद्यानेच महिन्याला किमान वीस लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडायची, असे ठरवले होते. लोकांना खिशात इतके जड नाणे नको होते. त्यामुळे हजार-हजारांच्या पोत्यांत भरून नाणी थेट तळघरांत जाऊन पडली.

मग पहिले महायुद्ध आले. हिंदुस्थानातून ब्रिटनला माल गेला, त्याचे पैसे इथे रुपयांत द्यायचे, आणि नोटेवर इथल्या माणसाचा विश्वास नव्हता. नोट आली की लोक ती देऊन चांदीचा रुपया मागत. १९१८ च्या वसंतात सरकारी तिजोरीतली रुपयांची शिल्लक इतकी घटली की नोटांच्या बदल्यात चांदी देणे थांबवावे लागेल की काय, अशी वेळ आली. तेव्हा २३ एप्रिल १९१८ रोजी अमेरिकेत ‘पिटमन’ कायदा झाला आणि तळघरांतली ती पोती फुटली. एकूण २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी जवळजवळ २६ कोटींची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानसाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. एका डॉलरमध्ये २४.०६ ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या पंचम जॉर्जच्या रुपयात १०.६९ ग्रॅम, म्हणजे एका डॉलरचे बरोबर सव्वादोन रुपये. तुमच्या घरात आजीचे १९१८ ते १९२० चे रुपये असतील, तर त्यांतल्या काहींच्या अंगात याच डॉलरांची चांदी असण्याची चांगलीच शक्यता आहे.

कायद्यात एक अट होती. जितके डॉलर वितळवले तितके अमेरिकन खाणींतल्या चांदीचे पुन्हा पाडायचे. त्यासाठी १९२१ साली डॉलर पुन्हा सुरू झाला. जुने मूळ ठसे १९१० सालीच मोडून टाकलेले होते, म्हणून मॉर्गनला ते नव्याने कोरावे लागले. तुमच्या १९२१ च्या नाण्याचा उठाव जुन्यांपेक्षा सपाट दिसतो तो झिजल्यामुळे नव्हे, ठसाच तसा होता. फिलाडेल्फियात त्या एका वर्षात ४ कोटी ४६ लाखांहून अधिक पाडले गेले. वर्षअखेरीस नवी मुद्रा आली, तो ‘पीस’ म्हणजे शांततेचा डॉलर: डोक्यावर किरणांचा मुकुट, मागे खडकावर पंख मिटून बसलेला गरुड. तुमचे १९२२ चे नाणे ते. एकट्या फिलाडेल्फियाचे ५ कोटी १७ लाख. म्हणून या दोन नाण्यांना चांदीच्या भावावर फार तर थोडीशी रक्कम जास्त मिळते. तेच पीस डॉलरमध्ये १९२१ चे, जास्त उठावाचे, दहा लाखांच्या आसपास पाडलेले, किंवा १९२८ चे फिलाडेल्फियाचे, फक्त ३ लाख ६० हजार पाडलेले, असते तर गोष्ट वेगळी होती. डब्याच्या तळाशी कागदाखाली आणखी काही चिकटून राहिले नाही ना, ते एकदा पाहा.

या सगळ्या वितळवण्यातली मुख्य गोष्ट अशी की कोणत्या सालाची, कोणत्या टांकसाळीची किती नाणी भट्टीत गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे ‘इतकी पाडली’ हा छापील आकडा पाहून भाव ठरवणारा माणूस हमखास फसतो. पाडलेली किती यापेक्षा उरलेली किती, आणि उरलेल्यांतली न वापरलेली किती, यावर सगळे आहे. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर याचे मासलेवाईक उदाहरण. ४४ लाख पाडूनही तो कुठे दिसत नसे, वितळला असेच सगळे धरून चालले होते, आणि कोऱ्या नाण्याचा भाव दीड हजार डॉलरपर्यंत छापला जात होता. १९६२ च्या अखेरीस सरकारी तळघरातल्या मागच्या बाजूच्या पोत्यांपर्यंत हात पोहोचला आणि आत हीच नाणी निघाली, हजारोंनी. वर्षभरात भाव तीस डॉलरच्या आसपास आला. ज्यांनी आदल्या वर्षी घेतले होते त्यांचे काय झाले असेल, याचा विचार मी अजूनही एखादे ‘दुर्मीळ’ नाणे घेण्यापूर्वी करतो.

१८८३ च्या नाण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मागच्या बाजूला गरुडाखालच्या पानांच्या माळेची गाठ आणि ‘डॉलर’ हा शब्द यांच्यामध्ये तुम्हाला ‘ओ’ दिसला, म्हणजे न्यू ऑर्लिन्स. विपुल पाडलेले. त्यात वरच्या कडेला कान लावून काढल्याचा डाग आहे, कोणीतरी गळ्यात घातले असणार. असे कान जोडलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाही. ही चांदीच, सराफाचे बरोबर.

१८७५ च्या नाण्याकडे मात्र सराफाने नीट पाहिले नाही, याचे मला नवल वाटते, कारण त्यावर त्याच्याच व्यवसायबंधूंच्या सह्या आहेत. डाव्या बाजूला समुद्राकडे तोंड करून मालाच्या गाठींवर बसलेली स्त्री, हातात ऑलिव्हची डहाळी. मागे गरुड आणि ‘४२० ग्रेन, ९०० शुद्ध’ असा मजकूर. हा ‘ट्रेड’ डॉलर. अमेरिकेत वापरायला नव्हे, चीनच्या व्यापारात मेक्सिकोच्या चांदीच्या नाण्याला शह द्यायला १८७३ पासून पाडलेला. म्हणून तो किंचित जड, २७.२२ ग्रॅमचा. तुमचे २७.० भरले, ठीक आहे. गरुडाखाली ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. चीनकडे जाणारी नाणी बहुतेक तिथलीच.

तुम्ही लिहिता की ‘कोणीतरी खिळ्याने चिन्हे ठोकून नाणे खराब केले आहे’. ती चिन्हे म्हणजे ‘चॉप’. हाँगकाँग, कँटनच्या पेढ्यांवर चांदी पारखणारा माणूस नाणे तपासून आपल्या पेढीचा छोटा शिक्का त्यावर ठोकत असे, ‘हे मी पाहिले, खरे आहे’ या अर्थाने. त्या माणसाला तिकडचे इंग्रज ‘श्रॉफ’ म्हणत. हा शब्द आपला ‘सराफ’च, हिंदुस्थानातल्या कंपनीच्या लोकांबरोबर बोटीतून तिकडे गेलेला. हाँगकाँगमध्ये गाडीतळाचे पैसे घेणाऱ्या खिडकीवर आजही ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आत जाऊन नाणी दाखवावीशी वाटली होती.

पूर्वी चॉप असलेल्या नाण्याला कमी भाव येई. आता अशी नाणी मुद्दाम गोळा करणारे लोक आहेत, आणि एखादे ठळक, सुबक चिन्ह असेल तर ते आवडीने घेतले जाते. तुमचे नाणे अस्सल ठरले तर सराफाने सांगितलेल्या रकमेच्या काही पट सहज जाईल. ‘अस्सल ठरले तर’ हे मुद्दाम म्हणतो, कारण ट्रेड डॉलरइतकी नक्कल क्वचितच दुसऱ्या कुठल्या अमेरिकन नाण्याची झाली असेल, आणि नकली नाण्यावर नकली चॉपही ठोकलेले असतात. पाण्याची चाचणी याच्यावर पहिली करा. २७.० ला २.६ च्या आसपास आकडा यायला हवा. कडेच्या खाचा सगळीकडे सारख्या आहेत का, कुठे मधोमध सांधा दिसतो का, तेही भिंगाने पाहा. बाजारात चालायचे ट्रेड डॉलर १८७३ ते १८७८ एवढेच पाडले गेले. कोणी १७९९ किंवा १८४१ सालचा ‘ट्रेड डॉलर’ दाखवला, तर हसून परत द्या. मी असे डझनभर तरी पाहिले असतील.

आता १८९३.

मॉर्गन डॉलर पाच टांकसाळींत निघाला. गाठीखाली काहीच अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया, ‘ओ’ न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ सॅन फ्रान्सिस्को, ‘सीसी’ नेवाडातली कार्सन सिटी, आणि १९२१ साली तेवढा ‘डी’ म्हणजे डेन्व्हर. १८९३ साली मंदी आली आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी फक्त एक लाख नाणी पाडली गेली. नेहमी बाजारात चालणाऱ्या मॉर्गन नाण्यांत हा सगळ्यांत कमी आकडा. त्यातली बहुतेक वापरली गेली, कोरी जवळपास उरलीच नाहीत. म्हणून चांगले झिजलेले, अगदी सपाट झालेले अस्सल नाणेही हजारो डॉलरना जाते. तुमच्या नाण्यावर ‘एस’ आहे. भाचा म्हणतो ते इथवर खरे.

अडचण अशी की जिथे एका अक्षराने किंमत कित्येक पटींनी वाढते तिथे ते अक्षर बाहेरून येऊन बसते. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या अस्सल नाण्यावर दुसऱ्या नाण्यातून कापलेला ‘एस’ चिकटवतात. किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९८ च्या नाण्यातला शेवटचा ८ कोरून ३ करतात. दोन्ही प्रकारांत चांदी खरी, वजन खरे, पाण्याची चाचणी बिनचूक. म्हणूनच मघाशी म्हटले, धातूवर विसंबू नका.

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. खिडकीजवळ उजेड आडवा पडेल असे बसा. पहिल्यांदा ‘एस’च्या बुडाशी पाहा. ठशातून निघालेले अक्षर नाण्याच्या सपाट भागातूनच उगवल्यासारखे दिसते, चिकटवलेल्याच्या भोवती बारीक रेघ, खळगा किंवा वेगळ्या रंगाचा घेर असतो. मग सालातल्या ३ कडे पाहा. त्याच्या डाव्या बाजूला कोरून काढल्याच्या खुणा आहेत का, पृष्ठभाग तिथेच ओबडधोबड आहे का. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचे. एक लाखच नाणी असल्याने मुखाकडच्या बाजूला एकच ठसा पुरला, आणि त्या ठशात एक उणीव होती. डोक्यावरच्या पट्टीवर ‘लिबर्टी’ शब्द आहे. त्यातल्या ‘टी’च्या वरच्या भागात एक बारीक तिरकी उठावाची रेघ दिसली पाहिजे. सगळ्या अस्सल नाण्यांवर ती असते, कारण ती सगळी त्याच ठशातून निघाली. फार झिजलेल्या नाण्यावर ती दिसणे कठीण जाते, पण तुमच्या फोटोत ‘लिबर्टी’ची सातही अक्षरे वाचता येतात, म्हणजे रेघ असेल तर दिसेल. रेघ नसेल तर ते तितकेच, चांदीच्या भावाचे. भाच्याला हे आधीच सांगून ठेवा.

मला काय वाटते? मोबाइलच्या फोटोवरून मी हो किंवा नाही म्हणणार नाही. इतकेच सांगतो, की माझ्याकडे ‘१८९३ चा एस’ म्हणून आजवर जी नाणी आली, त्यांतली खरी निघालेली एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: नाणे झिजलेले आहे, ‘एस’ही शेजारच्या पानांइतकाच झिजलेला दिसतो. चिकटवलेले अक्षर बऱ्याचदा आजूबाजूच्यापेक्षा तरतरीत असते.

झिजेचे पाहण्याची रीतही सांगून टाकतो. मॉर्गनमध्ये कानावरचे केस आणि गरुडाची छाती हे सर्वांत उंच भाग, ते पहिले झिजतात. कोऱ्या नाण्याला दिव्याखाली फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी झळाळी गोल फिरते. झिजलेल्याला आणि घासलेल्याला ती नसते. एक सूट ध्यानात ठेवा. न्यू ऑर्लिन्सची नाणी अनेकदा पाडतानाच अर्धवट उठलेली असत, त्यांच्या छातीवरची पिसे कोऱ्या नाण्यावरही दिसत नाहीत. उलट १८८० च्या आसपासची सॅन फ्रान्सिस्कोची नाणी अशी रेखीव की गरुडाचे एकेक पीस मोजून घ्यावे. दर्जा १ ते ७० या मापात सांगतात, आणि त्या मापावरची एकेक पायरी किती महाग पडते याचे टोकाचे उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा १८८४ चा डॉलर. झिजलेला असेल तर चांदीपेक्षा थोडा वर, कोरा असेल तर हजारो डॉलर.

चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून आकड्याऐवजी सूत्र लिहून ठेवा. किलोच्या भावातल्या प्रत्येक एक लाखामागे एका डॉलरमधल्या चांदीची किंमत २,४०६ रुपये. ट्रेड डॉलरमध्ये साडेचोवीस ग्रॅम चांदी, त्याचे २,४५०. सराफ घट आणि वितळवणी धरून यातून काही कापेल, ते त्याच्या धंद्यात बसते. पण अर्धी रक्कम सांगत असेल तर उठून या. हे सूत्र १९३५ पर्यंतच्या डॉलरांनाच लागू. १९७१ नंतरच्या, आयसेनहॉवरचे डोके असलेल्या मोठ्या डॉलरांत बहुतेकदा चांदी नसतेच.

विकायचे झाले तर एक कायदेशीर बाब. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तूत मोडते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणे परदेशी आहे म्हणून सूट मिळेल असे धरून चालू नका. तुमची पाचही अस्सल दिसणारी नाणी शंभरी ओलांडलेली आहेत. त्यामुळे ‘अमेरिकेतल्या भावाकडे कुरिअर करते, तो तिथे दर्जा ठरवून विकेल’ हा तुमचा बेत सोडून द्या. मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शने भरतात, परवानाधारक लिलाव होतात, तिथे परदेशी नाण्यांचे गिऱ्हाईक थोडे असले तरी असते. ट्रेड डॉलर तिथे घेऊन जा. १९२१, १९२२ आणि १८८३ ची घाईने काढू नका, पैशांची निकड नसेल तर राहू द्या. १९२१ चे आणि आजीचा एखादा रुपया शेजारी शेजारी ठेवून पाहा, मी घरी तसेच ठेवले आहेत.

आणि १८९३ चे कोणाच्याही हातात, ‘दोन दिवस तपासतो’ म्हणणाऱ्याच्या तर नाहीच, सोपवू नका. तपासणी तुमच्यासमोर झाली पाहिजे. भाच्याला म्हणावे, भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धर, दिवा उजवीकडून आडवा ठेव आणि ‘लिबर्टी’तल्या ‘टी’चा एक, मागच्या ‘एस’चा एक असे दोनच फोटो काढ. ते पाठवा, सोबत ट्रेड डॉलरचा पाण्यातला आकडाही. पुढचे मग त्यावर बोलू.